आठनंतरचा झाडू

आठनंतर जो आत पाऊल टाकेल त्याने अख्ख्या कारखान्याचा केर काढायचा, हा शिवणकारखान्याच्या मालकीणबाईंचा नियम. सतरा वर्षांत त्यांच्यावर ती वेळ कधी आली नव्हती. पण आज पहाटे लेकीला मुलगी झाली, आणि नव्या आजीबाई दवाखान्यातून धापा टाकत पोचल्या तेव्हा आठ वाजून बारा मिनिटं झाली होती. 'आज सगळे फिदीफिदी हसणार,' म्हणत त्यांनी बाह्या सरसावल्या.

बघतात तर दाराला कुलूप, आणि अकराही कारागीर बाहेर उभे.

"चावी हरवलीत की काय?"

"खिशात आहे," कटिंगमास्तर म्हणाले.

"मग बारा मिनिटं बुडवलीत कशाला?" बाई कडाडल्या.

"जेवणाच्या सुट्टीत भरून काढू. पावणेआठला तुम्ही दिसला नाहीत, तेव्हाच ठरवलं. आम्ही वेळेवर आत गेलो असतो, तर केर तुम्हाला एकटीला काढावा लागला असता. आणि आजच्या दिवस राहू द्या म्हटलं, तर तुम्ही थोड्याच ऐकणार होतात!"

अकरा जणांनी पाठीमागचे हात पुढे केले. प्रत्येकाच्या हातात समोरच्या दुकानातला कोरा करकरीत झाडू होता.

"नियम म्हणजे नियम, बाई. तुमचा झाडू आत आहे."