रविवारची अंडी

"मारेन, पातेलं रिकामं असलं तरी पाहुण्याला भरलंय म्हणावं. घराची अब्रू झाकणाखाली असते गं." डेन्मार्कमधल्या आईचा हा आवाज समुद्र ओलांडून अमेरिकेतल्या यूटाच्या डोंगरांत आला होता आणि मारेनच्या जिभेवर ठाण मांडून बसला होता.

नवरा रास्मुस दोन वर्षांपूर्वी धर्मप्रचाराला त्याच डेन्मार्कला गेला. त्यांच्या मॉर्मन पंथाच्या रिवाजाप्रमाणे, रिकाम्या खिशानं. तिकडं जो दार उघडेल त्यानं जेवू घालायचं. जोडे-कपड्यांचं गावातल्या बायकांनी बघायचं. म्हणून रविवारी कोंबडी देईल ते अंडं प्रचारकाचं. घरात खायचं नाही, दुकानात विकून पैसे तिकडं धाडायचे.

गावची ही अंडी मारेनकडच्या टोपलीत जमायची. सोमवारी सकाळी शेजारची थोरा एकुलतं एक अंडं घेऊन आली. "काय करू बाई, आमच्या कोंबड्या भारी धार्मिक. रविवारी विसावा पाळतात मेल्या! आज बघ, खुराड्यात अंड्यांनी पाय ठेवायला जागा नाही."

मारेनच्या कोंबड्या पक्क्या नास्तिक. आठवडाभर नुसत्या कोकलायच्या, आणि रविवारी प्रार्थनेची घंटा झाली की बसायच्या अंडी घालायला. पोरं खुराड्याशी उकिडवी बसून विनवायची, "अगं, शनिवारी घाल ना एखादं!"

"तुमचं भागतंय ना गं?" थोरानं विचारलं.

"भरपूर आहे," मारेन म्हणाली आणि मक्याच्या पातळ लापशीवर तिनं झाकण सारलं.

तेवढ्यात गावच्या मंडळीचे प्रमुख, बिशप ओव्हरसन आले. सोबत रास्मुसबरोबर प्रचार करून डेन्मार्कहून नुकताच परतलेला येपे.

मारेननं हात पुसले. "आमचे हे कसे आहेत? पोटाला मिळतं ना?"

"पोटाला?" येपे हसत सुटला. "वहिनी, ज्या घरी जावं तिथं आधी ताट, मग प्रवचन. रोज सकाळी तीन तीन अंडी! रास्मुसदादांच्या कोटाची बटणं लागेनात. शिंप्याकडून दोनदा उसवून सैल करून घेतला. तुमच्या या अंड्यांच्याच पैशातून हो!"

"बघ मारेनताई," बिशप गहिवरले, "तुझं एकही अंडं वाया गेलं नाही."

थोरा खिडकीबाहेर बघू लागली.

मारेननं बिडाचा तवा चुलीवर ठेवला. टोपली ओढली. एक अंडं फोडलं. मग दुसरं. मग थोराचंही. आवाज ऐकून पोरं दारात येऊन उभी राहिली, श्वास रोखून.

बिशपनी तव्याकडं पाहिलं, मग पोरांच्या काडीसारख्या मनगटांकडं पाहिलं. घसा खाकरला. "ताई, घरात काही कमी तर नाही ना?"

आईचा आवाज ओठापर्यंत आला. मारेननं तो गिळून टाकला.

"आहे, बिशप. लोणी नाही. थोरा, बघत काय उभी राहिलीस, पळ, घरून घेऊन ये! अंडी खाली चिकटायला लागली."