मागून आलेला होकार

दुपारी चारला फळ्यावरच्या यादीतला शेवटचा रुग्ण खारेपाटणच्या रिकाम्या खाटेवर पोचला आणि सुनीतीने त्याचं नाव पुसून खडू टेबलावर आपटला. तापाची साथ सुरू झाल्यापासून अकरा दिवस ती जिल्ह्यातल्या सात रुग्णालयांच्या खाटा फोनवरून जुळवत होती. मालवण भरलं की कट्टा, कट्टा भरलं की रेडी. आज पहिल्यांदाच वाट बघणारं कोणी उरलं नव्हतं.

"मॅडम, आता गाऱ्हाणा घालूकच व्हया!" म्हणत हरिश्चंद्र शिपायाने नारळ पुढे केला. सातही रुग्णालयांच्या सिस्टर फोनच्या स्पीकरवर होत्याच. तो देवाला हाक घालणार आणि प्रत्येक ओळीला बाकीच्यांनी होकार द्यायचा, अशी गाऱ्हाण्याची रीत.

"बा देवा म्हाराजा, दारात इलेल्या एकाकय परत धाडूची पाळी आणलंस नाय!"

"व्हय म्हाराजा!" सात बायका एका दमात ओरडल्या. त्यांच्या मागोमाग, जरासा उशिरा, एक घोगरा पुरुषी आवाज आला.

"असोच पाठीशी उभो ऱ्हव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" तो आवाज पुन्हा मागून आला, पण या वेळी स्पष्ट.

कोणा वॉर्डबॉयला जोर चढला असेल, म्हणून सुनीती हसली. सगळ्यांना शाबासकी देऊन तिने फोन बंद केला. हरिश्चंद्र नारळ फोडून खोबरं वाटायला बाहेर गेला.

कोऱ्या फळ्याकडे बघताना तिचा ऊर भरून आला. एकटीच होती, तरी ती मोठ्याने म्हणाली, "सगळ्यांका खाट गावली रे म्हाराजा!"

या वेळी कोणी होकार दिला नाही.

"आणि माका?" तिच्या खुर्चीच्या अगदी मागून घोगऱ्या आवाजाने विचारलं.