दोन मुठींची कात्री

व्हर्नचं हार्डवेअरचं दुकान शुक्रवारी कायमचं बंद झालं. सोमवारी गावच्या व्यापारी मंडळाची सभा भरली ती मात्र तसं काही घडलंच नाही, असं धरून. सभेला दोघंच होती: अध्यक्ष व्हर्न, आणि सचिव आर्लिस, जिचं केस कापायचं दुकान आता अमेरिकेत डकोटातल्या त्या गावात एकटंच उरलं होतं.

"नाताळची मिरवणूक," आर्लिस म्हणाली. "यंदा दोन चित्ररथ काढू."

"एकात तू, एकात मी. बघणार कोण, तुझा कुत्रा?"

"समोरासमोरून आणू की रे. एकमेकांना हात करू."

व्हर्न हसला नाही. नव्या दुकानांच्या फिती कापायची मंडळाची ती कमरेएवढी कात्री त्यानं तिच्या खुर्चीला टेकवून ठेवली.

"ही आता तुझ्याकडे असू दे. लेक उद्या येतेय मला न्यायला. ॲरिझोनाला."

"आणि उद्घाटन असलं म्हणजे? दुकानदार एक मूठ धरतो, दुसरी अध्यक्ष. एकट्यानं मिटत नाही ती, व्हर्न."

"अगं, इथं कोण दुकान उघडतंय आता?"

आर्लिसनं लिंबाच्या वड्यांची ताटली त्याच्यापुढे सरकवली, चष्मा लावला आणि ती उभी राहिली. ठराव उभं राहूनच मांडायचा, असा मंडळाचा नियम होता.

"माननीय अध्यक्षांनी गाव सोडून जाऊ नये, अशी ही सभा त्यांना नम्र विनंती करते. सूचक, आर्लिस ट्वेट." तिची नजर रिकाम्या खुर्च्यांवरून फिरत त्याच्यापाशी येऊन थांबली. "अनुमोदन देता का, अध्यक्ष?"