दादाचं इंजिन

“यातलं कुठलंही घे, पण ते नको,” बाबा म्हणाले. केतकीनं तरीही त्याच इंजिनावरची ताडपत्री ओढली. गेल्या हिवाळ्यात कच्छच्या मिठाच्या मैदानावर, वेगाच्या शर्यतीत, तिचा मोठा भाऊ इंद्रजित हेच इंजिन असलेल्या बाइकवरून पडून गेला होता. ते बांधलं होतं बाबांनी. तेव्हापासून कोल्हापूरच्या त्यांच्या गॅरेजात त्याला कुणी हात लावला नव्हता.

“दादा कशानं गेला, ते मला बघायचंय.”

दोघांनी मिळून इंजिन उघडलं. पिस्टन शाबूत होता, बेअरिंगवर ओरखडासुद्धा नव्हता. बाबांनी बेअरिंग पुन्हा बोटानं चाचपून पाहिलं. “इतके महिने मला वाटत होतं, माझंच काहीतरी चुकलं. मग तो पडला कसा?”

त्यांनी ते पुन्हा बांधलं आणि नव्या बाइकवर चढवलं. हिवाळ्यात केतकी मिठावर उतरली. दादा पडला होता त्या जागेच्या जवळ येताच हँडल थरथरू लागलं. वेग कमी करायला हवा, हे तिला कळत होतं. पण इंजिनाचा सूर असा लागला होता, समोरचं पांढरं इतकं मोकळं होतं, की मूठ सैल होईना. शेजारून कुणीतरी चाललंय असं वाटलं. तिनं बळेच अॅक्सिलरेटर सोडला.

बाबा धावत आले. “इंजिनानं दगा दिला?”

“नाही बाबा. तिथं थांबावंसंच वाटत नाही. दादालाही वाटलं नसणार.”

बाबांनी तिचा हातमोजा काढला आणि तिचा हात घट्ट धरला. “तू थांबलीस ना,” एवढंच ते पुन्हापुन्हा म्हणत राहिले. मागे तापलेलं इंजिन निवताना टकटक वाजत होतं.