बोटभर फट

हुडकेश्वरच्या शाळेत प्रेमिला मॅडमनी स्मार्ट बोर्डावर भूमितीच्या सॉफ्टवेअरमधून वर्तुळ काढलं, आणि ते वरच्या अंगाला जरासं उघडंच राहिलं.

त्यांना त्यांचे रंगारी सर आठवले. सर फळ्यावर नुसत्या हातानं गोल गरगरीत वर्तुळ काढायचे, शेवटची बोटभर फट मुद्दाम सोडायचे आणि छोट्या प्रेमिलाला हाक मारायचे, "ये वं पोरी, जोड." सरांना जाऊनही आता वर्षं लोटली.

मॅडमनी बिंदू ओढला. वर्तुळ मोठं झालं, लहान झालं. फट मात्र बोटभरच राहिली. कुठूनसा खडूचा वास आला. या वर्गात खडू नव्हताच.

"मॅडम," पहिल्या बाकावरची खुशी म्हणाली, "मागं बसलेले सर तुम्हाले बोलावून राहिले. पण ते तुम्हाले पोरी काहून म्हणतात?"