बेकरीवाल्याला सांभाळताना

वळणावर बेकरीवाल्यानं मोटरसायकल आणखी हळू केली, तसं मागे बसलेल्या चष्मेवाल्यानं त्याच्या खांद्यावरची पकड घट्ट केली. शाळेपासून या माणसाला हळू जाणं ठाऊकच नव्हतं. आज मात्र मागे मित्र नसून अंड्यांचे ट्रे बांधलेत, अशा बेतानं तो गाडी हाकत होता. एक म्हातारा सायकलवाला त्यांना मागे टाकून गेला आणि वर वळून बघूनही गेला.

वहिनी म्हणाल्या ते खरंच होतं तर.

त्याच आठवड्यात बेकरीवाल्याची बायको चष्मेवाल्याला बाजारात भेटली होती. बेकरी पुतण्याच्या हाती दिल्यापासून ह्यांचं कशात मन लागत नाही, तासन्‌तास गच्चीच्या कठड्याशी उभे असतात, असं सांगताना तिचा आवाज कापरा झाला. तुम्ही जुने मित्र, शनिवार-रविवार समुद्राकडे घेऊन जा. पण मी बोलले हे त्यांच्या कानावर जाऊ देऊ नका.

"आणि त्यांना एकटं सोडू नका, भावोजी," ती म्हणाली. "कड्याबिड्यावर तर मुळीच नाही."

चष्मेवाल्याला स्वतःचीच लाज वाटली. कित्येक महिन्यांत त्यानं मित्राची साधी चौकशी केली नव्हती. त्यानंही आपलं चष्म्यांचं दुकान मुलीकडे सोपवलं होतं, पण तो कामात बुडालेला होता. घराला शिस्त लावत होता. सगळी भांडी त्यानं उंचीप्रमाणे मांडली होती आणि भाजी कशी चिरावी हे बायकोला रोज शेजारी उभं राहून सांगत होता. ती हल्ली उलटून बोलत नसे, म्हणजे तिला पटत असणार.

त्यानं सहलीचं काढताच बेकरीवाला वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हणाला होता. हेही लक्षण काही बरं नव्हतं.

दुपारी खाणावळीत चष्मेवाल्यानं तळलेल्या माशाचा मोठा तुकडा मित्राच्या ताटात सरकवला. बेकरीवाल्यानं तो परत केला. दोन-तीनदा असं झाल्यावर मासा गार झाला आणि दोघांनी अर्धा-अर्धा खाल्ला. "बरं वाटतंय ना?" बेकरीवाल्यानं हळुवारपणे विचारलं. ज्यानं जन्मात कुणाला असं विचारलं नव्हतं, त्याच्या तोंडी हे ऐकून चष्मेवाल्यानं लगेच त्याच्यासाठी आणखी एक सोलकढी मागवली.

संध्याकाळी रस्ताच कड्यावरून गेला. बेकरीवाला गाडी थांबवून उतरला. चष्मेवाल्यानं धावत जाऊन त्याचा पट्टा मागून घट्ट धरला. त्याच क्षणी बेकरीवाल्यानंही त्याचा दंड पकडला. बिचाऱ्याला आधार हवा असणार. दोघं तसेच एकमेकांना धरून सूर्य बुडेपर्यंत उभे राहिले.

"काही मनात असेल तर बोल," चष्मेवाला म्हणाला.

"तूच बोल," बेकरीवाला म्हणाला.

मग दोघंही समुद्र छान आहे एवढंच बोलले.

लॉजवर बाल्कनीच्या दाराजवळची खाट कुणी घ्यायची यावरून थोडी ओढाताण झाली. शेवटी दोन्ही खाटा दाराला लावून दोघं दाटीवाटीनं झोपले. मित्र घोरू लागल्यावर चष्मेवाल्यानं त्याच्या पिशवीतला वस्तरा काढून गादीखाली दडवला. सकाळी त्याचा स्वतःचाही सापडेना. घरीच विसरलो असणार, असं म्हणून तो दाढीविना बाहेर पडला.

रविवारची सकाळ मात्र वेगळीच निघाली. ओल्या वाळूवर गाडी रुतली, ढकलताना दोघं तोंडघशी पडले, आणि एकमेकांचे अवतार बघून पोट दुखेपर्यंत हसले. बेकरीवाला शाळेतल्या मास्तरांच्या नकला करू लागला. चष्मेवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मित्र परत आला होता. आपल्यामुळे आला होता.

बेकरीवाला जरा चक्कर मारतो म्हणून होड्यांच्या दिशेनं गेला. तिथे कडा नाही, पाणी घोट्याएवढंच आहे, हे बघून चष्मेवाल्यानं त्याला जाऊ दिलं आणि लगेच वहिनींना फोन लावला. त्यानं सगळं सांगितलं: हसला, जेवला, नकला केल्या, चेहऱ्यावरचं तेज परतलंय. काळजी मिटली, संध्याकाळपर्यंत घरी आणून सोडतो.



"इतक्यात?" वहिनी म्हणाल्या. "इतक्यात नको हो, भावोजी. असं वरवर हसणंच वाईट."

चष्मेवाला काही बोलणार, तेवढ्यात त्याला दिसलं की होडीला टेकून बेकरीवालाही फोनवर बोलतोय, गंभीरपणे मान हलवतोय. आणि वहिनींच्या मागून, त्याच खोलीतून, दुसऱ्या फोनवर बोलणारा त्याच्या स्वतःच्या बायकोचा आवाज आला:

"छे हो भावोजी, हसले म्हणून काय झालं? चांगले आठ दिवस फिरवा त्यांना, मग बघू."