भिंतीवरचा गालिचा

बिश्केकमधलं भाड्याचं घर सोडताना, बाकी सामान टेम्पोत चढवून झाल्यावर, बुरुलने आईने दिलेला गालिचा सगळ्यात शेवटी भिंतीवरून उतरवला. त्यामागे चांगली हातभर भेग होती.

घरमालकीण अनारकान आपांनी कपाळावर हात मारला. "अगं बाई, भिंतीची पार वाट लावलीस की! आता डिपॉझिट विसर."

"मी आले तेव्हापासून आहे ही, आपा. तुम्हीच म्हणालात, वरून गालिचा टांग. ऊबही राहील आणि शोभाही येईल."

आपा जरा वरमल्या. पुढचे भाडेकरू तासाभरात घर बघायला येणार होते. त्यांनी आवाजात साखर घातली. "बरं, असं करू. गालिचा परत टांग आणि इथंच राहू दे. डिपॉझिट सगळंच्या सगळं देते."

बुरुलने गालिचा गुंडाळून खांद्यावर टाकला. "डिपॉझिट तुम्हीच ठेवा, भेग बुजवायला होईल. सात वर्षं या खोलीला भिंत मीच पुरवली. ती तेवढी घेऊन चालले."

एवढ्यात भेगेपलीकडे काहीतरी हललं. शेजारचं घरही आपांचंच. तिथले भाडेकरू, म्हातारे तोक्तोसुन, इतका वेळ सगळं ऐकत होते. त्यांनी आपल्या बाजूच्या गालिच्याचा कोपरा वर केला आणि भेगेला तोंड लावून विचारलं,

"पोरी, टेम्पोत आणखी एका भिंतीपुरती जागा आहे का गं?"